वही तिची, कागद दोघींचा

पत्र (थोडक्यात): "माझं वय ३३. गेल्या डिसेंबरात लग्न होऊन भुसावळला आले. माहेर साक्री तालुक्यातलं. यजमानांचं हे दुसरं लग्न, पहिल्या ताई ३ वर्षांपूर्वी आजारपणात गेल्या. मुलगी १२ वर्षांची, सहावीची परीक्षा आत्ताच संपली. यजमान रेल्वेत लोको पायलट आहेत. ड्यूटीवर गेले की बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच येतात, तोवर क्वार्टरमध्ये आम्ही दोघीच. मुलगी त्रास देत नाही, उलटून बोलत नाही. विचारलं तेवढंच सांगते. मला काकू म्हणते. बाकी वेळ वहीत चित्रं काढते आणि मी जवळ गेले की वही मिटते. एकदा ती शाळेत गेलेली असताना मी वही उघडून पाहिली. बरीच चित्रं काळ्या पेनानं काढलेली. नणंद म्हणते, काळा रंग म्हणजे मनात राग, डॉक्टरला दाखव. शेजारीण म्हणते, क्लास लाव आणि परीक्षेला बसव. कुणी म्हणतं, हॉलमधला ताईंचा फोटो आतल्या खोलीत ने, म्हणजे पोरगी विसरेल. मी घरी ब्लाऊज शिवते, चित्रकलेतलं मला काही कळत नाही. पण चित्रांच्या निमित्तानं तिच्याशी ओळख वाढेल का? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी बोलावलंय. तिला नेऊ की नको?"

ताई,

हो, वाढेल. आणि त्यासाठी तुम्हाला चित्रकला शिकायची गरज नाही.

आधी वहीचं बोलू. ती वही पुन्हा उघडू नका. तिनं आपणहून समोर धरली तरच बघा. तिला कळलंय की नाही ठाऊक नाही, पण मुलांना बहुधा कळतं. कधी विचारलंच तर सरळ सांगा, "हो, एकदा पाहिली होती, आता पाहणार नाही." एवढंच. त्यावर सफाई देत बसू नका.

काळ्या रंगाचं म्हणाल तर तुमच्या नणंदबाईंचा हेतू चांगला आहे, पण तर्क चुकीचा आहे. काळं पेन कंपासमध्ये असतं, हाताशी असतं, म्हणून मुलं ते उचलतात. शिवाय या वयात जपानी कॉमिक्सच्या पद्धतीचे मोठ्या डोळ्यांचे चेहरे काढायचं वेड मुलामुलींना लागतं, आणि ती कॉमिक्स बहुतेक काळ्या-पांढऱ्यातच छापलेली असतात. एका रंगावरून किंवा एका चित्रावरून मनाचं निदान होत नाही. जाणता समुपदेशकही तसं करत नाही. तो मुलीची झोप, जेवण, शाळा, मैत्रिणी, घर असं सगळं विचारतो. तुम्हीही तेच बघा. तिचं जेवण तुटलं, रात्र रात्र झोप नाही, शाळेत जायला नको म्हणते, स्वतःला इजा करण्याचं किंवा जगणं नको असल्याचं बोलते, असं काही दिसलं तर मात्र थांबू नका. लहान मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या आजारांसाठी टेली-मानस १४४१६ हे दोन्ही नंबर फुकट आहेत आणि रात्री-अपरात्रीही चालतात. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. एक मुलगी आहे, तिची आई गेली आहे, घरात नवं माणूस आलं आहे आणि ती गप्प राहून सगळं बघते आहे. मला यात आजार दिसत नाही.

आता चित्रांकडे येते. तुम्ही लिहिता, "चित्रकलेतलं मला काही कळत नाही." अहो, जी बाई कापडावर खडूनं मुंढ्याची गोलाई एका हातात काढते, पान गळा आणि मटका गळा डोळ्यांनी मापते, तिला रेघ येत नाही असं कोण म्हणेल? तुम्हाला येत नाहीत ती डोंगर-सूर्य-झोपडीची चित्रं. ती नाही आली तरी चालतील. उलट इथे तुमचं न येणंच उपयोगी आहे. घरात जिला चित्र येतं ती ती मुलगी. निदान एका बाबतीत तरी तिचा हात वरचा राहू द्या.

सुरुवात अशी करा. कापड बेतायला तुम्ही खाकी कागद वापरत असाल, त्याचा हात-दीड हात तुकडा दुपारी कूलरपुढे फरशीवर अंथरा. भुसावळच्या मे महिन्यात दुपारी कुणी बाहेर पडत नाही, त्यामुळे वेळ आहेच. दोन जाड पेन्सिली, ४बी किंवा ६बी, आणि तेलखडूंची एक पेटी ठेवा. खोडरबर ठेवू नका. आणि तिला हाक मारू नका. तुम्हीच बसा आणि काढायला लागा. गळ्याचे नमुने काढा, काठाची नक्षी काढा, कढई काढा, काहीही. ती पहिल्या दिवशी बहुतेक येणार नाही. लांबून बघेल, पाणी प्यायच्या निमित्तानं दोनदा जाईल. जाऊ द्या. "ये ना गं, बस ना" म्हणालात की ती तुमच्यासाठी येईल. कागदासाठी आली पाहिजे. आली की समोर नका बसवू, शेजारी जागा करून द्या.

समोरासमोर बसलं की माणसाला बोलावं लागतं, आणि न बोलणाऱ्यावर त्याचं ओझं येतं. शेजारी बसून दोघींचे डोळे कागदावर असले की गप्प बसणं अवघड वाटत नाही. हात चालू असतो, त्यामुळे बोलायला हवंच असं नसतं. आणि एखादं वाक्य निसटलंच, तर त्यावर लगेच कुणी तोंडाकडे बघत नाही. मुलं मोठी गोष्ट अशीच सांगतात, पेन्सिल चालू असताना, मान खाली घालून. तिनं तसं काही सांगितलं तर तुमची पेन्सिल थांबवू नका. "बरं" म्हणा आणि काढत राहा.

पहिल्या काही दिवसांसाठी एक खेळ सांगते. इंग्लंडमध्ये डोनाल्ड विनिकॉट नावाचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होऊन गेले (१८९६–१९७१). मुलांना भेटताना ते हा खेळ खेळत. ते डोळे मिटून कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढत आणि मुलाला म्हणत, आता हिचं काहीतरी कर. मूल त्या रेघेचा मासा करायचं, बूट करायचं, भूत करायचं. मग मूल रेघ ओढायचं आणि डॉक्टरांची पाळी. डॉक्टरांनाही काढावं लागे, आणि माझ्या मते त्या खेळाचा जीव तिथेच आहे. तुम्ही डॉक्टर नाही. तेव्हा तिच्या मासोळीचा अर्थ लावायचा नाही, खेळायचं फक्त. तिची रेघ तुमच्याकडे आली की मनापासून काहीतरी करा. तिच्या रेघेचा तुम्ही मटका गळा केलात तर ती हसेल, बघा.

काय बोलायचं, यापेक्षा काय बोलायचं नाही हे आधी ठरवा. "हे काय आहे?" असं विचारू नका. या वयात चित्र खऱ्यासारखं यावं असं मुलांना फार वाटायला लागतं, कित्येक जण याच वयात चित्र काढणं सोडतात. आपलं चित्र कुणाला ओळखू आलं नाही, हे त्यांना लागतं. "किती छान!" हेही दर वेळी नको, त्यानं बोलणं तिथेच संपतं. दिसतं ते म्हणा. "इथे रेघ दाबून काढलीस." "हा पाय लांब आहे, पळतोय वाटतं." आणि एक विनंती, तिच्या चित्राचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकू नका, स्टेटसला ठेवू नका. कौतुकानंसुद्धा नको. कागद तुमच्या दोघींचा आहे. यजमानांना दाखवायचा का, हेही तिलाच विचारा.

आता मुख्य गोष्ट. मला तुमच्या पत्रातलं एक वाक्य राहून राहून आठवतं, "डिसेंबरात भुसावळला आले." म्हणजे त्या क्वार्टरमध्ये नव्या तुम्ही आहात. ती तिथे वाढली आहे. पण घरात सगळे तिलाच सांगतात की काकूंशी नीट वाग, काकूंना मदत कर. ओळख करून घेण्याचं काम तिच्यावर टाकलं आहे. ते उलटं करा. चार-आठ दिवस खेळून झाले की तिला म्हणा, "मला इथलं अजून काही कळत नाही. कॉलनीचा नकाशा काढून देतेस का?" तो मोठ्या कागदावर काढू द्या, दोन-तीन दुपारी लागल्या तर लागू द्या. क्वार्टरांच्या रांगा, निंबाचं झाड, दळणाची चक्की, कुठला कुत्रा चावतो, कुठल्या काकूंकडे बॉल गेला तर परत मिळत नाही. तुम्ही फक्त विचारायचं आणि तिनं सांगितलं तिथे लिहायचं. "चक्कीवर जायला जवळचा रस्ता कुठला?" असं खरंच जे माहीत नाही ते विचारा. मग दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यानं जाऊन या आणि येऊन सांगा, "बरोबर होता गं, पण मधे नाली फुटलीय, ती दाखवलीच नाहीस." ती ती नाली काढेल. त्या घरात आजवर तिला कुणी दाखवायला लावलं नसेल. सांगायला लावलं, शिकायला लावलं, पण दाखवायला नाही.

मी यावल तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत असे. तिथे मुलांना एक गृहपाठ द्यायचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून एकाच कागदावर चित्र काढून आणा. एका मुलानं बैलगाडी आणली होती. गाडी त्याची, सरळ पट्टीनं काढलेली. तिच्यावर आजोबांच्या थरथरत्या रेघा. चाकाला आरे कमी पडले होते, ते आजोबांनी घातले. जू त्यानं नुसतं आडवं दांडकं काढलं होतं, त्याला आजोबांनी शिवळा, म्हणजे बैलाच्या मानेशी येणाऱ्या खुंट्या, लावल्या. मग एका बैलाचं शिंग खोडून वाकडं केलं होतं. मी विचारलं, हे का? मुलगा म्हणाला, "आजोबांचा डाव्या अंगाचा बैल तसाच होता. गाडी उलटली तेव्हा शिंग मोडलं. त्या गाडीत आजी होती." त्या पोराला गाडी उलटल्याचं तोवर माहीत नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आजोबांनी सांगितलं नव्हतं. शिंग चुकलं म्हणून ते निघालं.

तुमच्याही बाबतीत चुकीचं काढलेलं दुरुस्त करतानाच जास्त कळेल. म्हणून तिचा नकाशा झाला की तुम्ही तुमच्या गावचा काढा. येईल तसा काढा. पांझरेच्या बाजूचं गाव असेल तर नदी कुठून वळते, तुमचं वावर कुठे, खळं कुठे, वट्ट्यावर कोण बसतं, लहानपणी तुम्ही कुठे पडला होता. नावं अहिराणीतच लिहा. ती भुसावळात वाढलेली, तिला काही शब्द अडतील, ती विचारेल. तुम्हालाही लहानपण होतं, घर होतं आणि ते सोडून तुम्ही इथे आलात, हे तिला तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्या वाकड्या नकाशावर लवकर दिसेल.

चेहरे इतक्यात नको. १२ वर्षांच्या मुलीला कुणी टक लावून बघितलं की नको होतं. हात काढा. तिनं तुमचा, तुम्ही तिचा. कागदाकडे न बघता, नुसतं हाताकडे बघत, पेन्सिल न उचलता सावकाश कडेनं जायचं. चित्रकलेच्या शाळांमध्येही हा सराव करून घेतात. तो सगळ्यांचाच वाकडा येतो, त्यामुळे लाज कुणालाच वाटत नाही. आणि हात असा बघितला की त्यावरचं सगळं दिसतं. तुमच्या बोटाला सुई गेल्याची खूण असेल, कात्रीनं अंगठ्याला घट्टा पडला असेल. तिच्या हातावर कसली तरी खूण असेलच. ती तुम्हाला विचारेल, तुम्ही तिला विचारा.

कधीतरी कागदावर तिची आई येईल. उद्या नाही, कदाचित दिवाळीपर्यंतही नाही, पण येईल. साडी नेसलेली, पाठमोरी, किंवा नुसती ओट्याशी उभी. तेव्हा उठून जाऊ नका, तिला छातीशी धरू नका, "मी आहे ना आता" असं तर अजिबात म्हणू नका. तुमची पाळी असेल तर आईच्या चित्राला हात लावू नका. विचारावंसं वाटलं तर साधं काहीतरी विचारा, "केस एवढे लांब होते त्यांचे?" ती बोलली तर ऐका. नाही बोलली तर शेजारी बसून तुमची कढई पूर्ण करा. तुम्ही होऊन त्यांचं चित्र कधीच काढायला घेऊ नका, तो हक्क तिचा आहे.

आणि फोटो हॉलमध्येच राहू द्या. कुणीही काहीही सांगो. मूल आईला विसरत नाही, आणि विसरावं अशी अपेक्षा धरणंच मला क्रूर वाटतं. फोटो हलवलात तर तो कुणी हलवला हे ती जन्मभर लक्षात ठेवेल. फुलांचा हार सुकला असेल तर तो मात्र तुम्ही बदला. काकू म्हणते तर काकूच चांगलं आहे. आपल्याकडे काकू हे काही परकं नातं नाही.

यजमानांनाही यात घ्या, पण रोज नको. ते सुट्टीवर असतील तेव्हा त्यांना म्हणा, इंजिनातून रात्री काय दिसतं ते नुसतं सांगा, आम्ही दोघी काढतो. सिग्नल, बोगदा, रुळावर आलेलं जनावर. वडिलांचं काम तिनं कदाचित कधी नीट ऐकलेलंही नसेल.

क्लासचं सांगते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षा चांगल्या आहेत, त्यांनी हात बसतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन असं सगळं करून घेतात. पण आता नको. तिचं जे एकटीचं आहे त्याला तुम्ही आल्या आल्या मार्क आणि ग्रेड लावली, असं तिला वाटेल. शाळा सुरू झाल्यावर तिनं स्वतः विषय काढला तर जरूर लावा.

त्यापेक्षा पावसाळ्यात एक दिवस चाळीसगावला जाऊन या, गाडीनं थेट जाता येतं. तिथे स्टेशनाजवळ केकी मूस (१९१२–१९८९) यांचं घर आहे. चित्रकार, छायाचित्रकार, मोठा माणूस. आयुष्यातली कितीतरी वर्षं ते त्या घरातच राहिले, आता तिथे त्यांच्या कामाचं संग्रहालय आहे. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यातून अख्खं निसर्गदृश्य उभं करायचं आणि त्याचा फोटो घ्यायचा, यासाठी ते विशेष ओळखले जातात. परत आल्यावर तुम्ही दोघी स्वयंपाकाच्या ओट्यावर तसं काही मांडून बघा आणि मग ते काढा. चिंध्या तर तुमच्याकडे भरपूर असतीलच.

राहिली आखाजी. ही तुमची पहिली, म्हणजे माहेरी वाट बघत असतील. झोके बांधतील, गौराईची गाणी होतील, पुरणपोळी-आंब्याचा रस होईल. पोरगी तिथे कुणाला ओळखत नाही आणि तिथल्या बायका तिच्याकडे बघून आपसांत हळू आवाजात बोलणार, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून तिच्या वतीनं तुम्ही ठरवू नका, यजमानांनाही ठरवू देऊ नका. तुमच्या गावचा नकाशा त्याआधी काढून झालेला असू द्या. त्यावर झोका कुठल्या झाडाला बांधतात ते दाखवा आणि विचारा, "येतेस का? नाही आलीस तरी मी रागावणार नाही." आली तर वही-पेन्सिल बरोबर घ्या आणि आपल्या आईला आधीच फोन करून सांगा की पोरीला "आई म्हण" असं कुणीही म्हणायचं नाही. नको म्हणाली तर तिला तिच्या आजोळी जाऊ द्या, आजी-आजोबांना नात हवीच असेल. निघताना खाकी कागदाची एक गुंडाळी तिच्या पिशवीत घाला. आणि तुम्ही तुमच्या माहेरी जाऊन या. पहिली आखाजी चुकवू नका.